चार मिनिटं

इनागाकी-सान पुण्यात आले तेव्हा
बॅगेत तीन मायक्रोमीटर होते
आणि करमणुकीला सुडोकूचं पुस्तक.
मी त्यांची दुभाषी.
चाकणच्या कारखान्यात त्यांचं वाक्य उचलायचं,
मराठीत ठेवायचं, हात पुसायचे.
वर्षभर एवढंच.

मग एका संध्याकाळी मोशीला गाडी पाऊण तास हलेना
आणि गुलाबभाई तांबोळींनी मोबाइल डॅशबोर्डला टेकवून
कुठलासा पिक्चर मधूनच लावला.
मागून प्रश्न आला:
आत्ता तर दोघं भांडत होते,
डोंगरावर कधी गेले? कपडे कुणी नेले?
गुलाबभाई म्हणाले, "सांगा साहेबांना,
मन गेलं. कपडे मागनं येतात."
हे जपानीत नीट बसेना.
मी ‘कल्पना’ म्हणून वेळ मारून नेली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वही केली,
कारखान्यातलीच, दोष नोंदवायची.
दोष: नायकाला तीन गोळ्या, तरी चार मिनिटं बोलतो.
मूळ कारण: ?
गुलाबभाईंनी आरशातून बघितलं.
"आई अजून पोचली नाही ना."
ते मी जसंच्या तसं सांगितलं.
इनागाकी-सान बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले,
मग त्यांनी रकाना भरला.

त्यानंतर मोजदाद सुटली.
रविवारी पिंपरीचं मल्टिप्लेक्स, बुधवारी रात्रीचा खेळ,
शेजारच्या खुर्चीत मी कुजबुजत.
एकदा पुढचे काका वळून म्हणाले,
"अहो, घरी जाऊन बोला की."
सवयीनं मी त्याचंही भाषांतर केलं.
इनागाकी-सान उठले, कमरेत वाकले, माफी मागितली.
काका इतके ओशाळले
की मध्यंतरात आमच्यासाठी समोसे घेऊन आले.

खरं सांगायचं तर मला हे पिक्चर कधी आवडले नव्हते.
आमच्या घरी त्याला धांगडधिंगा म्हणत
आणि ती नापसंती मी ठेवणीतल्या साडीसारखी जपली होती.
आता मीच समजावत होते
की हा हसतोय म्हणजे रडतोय.
‘दिल’ला आधी हृदय म्हटलं, मग मन,
शेवटी दिलच ठेवलं.
शिट्टी ते गुलाबभाईंकडून शिकले.
जमली नाही. नुसती हवा.

कॅम्पातलं जुनं थिएटर, जुनाच पिक्चर, बाल्कनीत आम्ही तिघं.
पडद्यावर मुलगा धावत होता,
फाटक, हातगाडी, लग्नाची वरात, सगळं त्याच्याच आडवं,
आणि तिकडे खाटेवर आई, डोळे दाराकडे.
मी वाक्य तोंडात घेऊन वाकले.
त्यांनी हात किंचित वर केला. नको.
आणि पडद्याला म्हणाले, हळूच, हिंदीत,
"रुको. रुको ना."
तो ‘ना’ कुठून उचलला, मला माहीत नाही.

आई थांबली. पिक्चरमधली.

परतताना नाशिक फाट्याच्या पुलावर ते बोलले.
मागच्या फेब्रुवारीत बेअरिंगच्या एका लॉटमध्ये
आठ मायक्रॉनचा फरक येत होता.
तो सापडेना म्हणून ते एक दिवस उशिरा निघाले.
नागोयाला उतरले तर फोनवर भावाचा निरोप.
एवढंच.

मला ते आठ मायक्रॉन आठवत होते.
‘एक दिवस थांबतो’ हे वाक्य
मीच बैठकीत मराठीत सांगितलं होतं, हसून.
टाळ्या पडल्या होत्या.

"काय म्हणाले साहेब?"
"पिक्चर आवडला म्हणाले."
गुलाबभाई काही बोलले नाहीत.
सिग्नल हिरवा होता, तरी गाडी हळू घेतली.

पुढच्या बुधवारी वही नव्हती.
हवालदाराच्या टोपीवरचा एक फालतू विनोद झाला
आणि ते हसले, सगळ्या थिएटरबरोबर,
माझ्या आधी.
माझं वाक्य तोंडातच राहिलं.
ते गिळून मी समोर बघितलं.
नायिका बर्फात उभी होती, पातळ निळ्या साडीत,
मघाशी तर ती बँकेच्या रांगेत होती.
कशी गेली, हे विचारायचं
मला सुचलंच नाही.